पुलावरची ग्वेन

ग्वेन स्टेसी पुलाच्या उंच मनोऱ्यावरून खाली पडते आहे. वरून स्पायडर-मॅनने सोडलेला जाळ्याचा धागा तिच्या पायांना येऊन चिकटतो आणि पाण्यावर आदळायच्या आत ती अधांतरी थांबते. त्याच चौकटीत तिच्या मानेजवळ, अगदी बारीक टायपात, एक आवाज छापलेला आहे: ‘स्नॅप’. पुढे तो तिला वर ओढून घेतो. स्वतःच्या ताकदीवर बेहद्द खूश आहे, तिच्याशी बोलतो आहे. ती उत्तर देत नाही.

‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा हा १२१वा अंक. अंकावर महिना आहे जून १९७३. गोष्ट लिहिणारे जेरी कॉनवे तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते, चित्रं गिल केन आणि जॉन रोमिटा यांची. नायकाची प्रेयसी खरोखर मरते आणि नायक तिला वाचवू शकत नाही, हे अमेरिकेतल्या कॉमिक वाचणाऱ्या पोरांनी तोवर क्वचितच पाहिलं होतं. पत्रांचा पाऊस पडला. त्या पत्रांमध्ये राग होताच, पण एक प्रश्नही होता: तिला मारलं कुणी? तिला ढकलणारा खलनायक ग्रीन गॉब्लिन म्हणतो, एवढ्या उंचीवरून पडताना माणूस जाळं पोचायच्या आधीच मरतो. मग तो ‘स्नॅप’ कशाचा? काही महिन्यांनी, १२५व्या अंकाच्या पत्रांच्या पानावर, संपादक रॉय थॉमस यांच्या काळात मार्व्हलने उत्तर दिलं. जाळ्याने तिला एकदम थांबवलं, त्या हिसक्याने तिची मान मोडली. म्हणजे गॉब्लिनने तिला ढकललं हे खरं, पण जीव गेला तो वाचवणाऱ्याच्या हातून.

सुपरहिरोंच्या सिनेमांवरून चाहते आज जे वाद घालतात, त्यांचं सगळं सार मला त्या पत्रव्यवहारात दिसतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, ही मंडळी पोशाखाच्या रंगावरून, उंचीवरून, मुखवट्याच्या आकारावरून भांडतात. तसं भांडतातही. पण त्या पत्रांतल्या वाचकाला ग्वेनच्या कोटाचा रंग विचारायचा नव्हता. आपण ज्याच्यावर जीव टाकला त्या माणसाने नेमकं काय केलं, आणि ते त्याच्या लक्षात राहणार आहे का, हे त्याला हवं होतं.

मी हा अंक वाचला तो फार उशिरा, पुनर्मुद्रणात. माटुंग्याच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात तो मिळाला होता, पानं पिवळी पडलेली, मुखपृष्ठ गायब. शेवट आधीच ठाऊक होता. तरीही त्या बारीक अक्षरांपाशी मी थांबलो. पुढे कळलं की मिनेसोटा विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेम्स काकालिओस हाच प्रसंग घेऊन विद्यार्थ्यांना संवेग शिकवतात. तीनशे फूट खाली आलेल्या माणसाचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास जातो. त्याला अर्ध्या सेकंदात थांबवलं तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दहापट जोर येतो. मार्व्हलचं उत्तर गणितातही बसतं. वाचवण्याची घाईच घातक ठरावी, असा प्रसंग लिहून कॉनवे यांनी सुपरहिरोच्या गोष्टीला एक जखम दिली. त्यानंतर स्पायडर-मॅनवर जे सिनेमे निघाले त्यांतल्या अनेकांना या जखमेपाशी यावं लागलं आहे.

चाहत्यांनी तेव्हा दुसरीही एक मागणी केली होती: ग्वेनला परत आणा. ती काही अंशी मान्य झाली. १९७५ साली ग्वेन परत आली, पण क्लोन म्हणून. त्या क्लोनमधून पुढे क्लोनांची एक साखळी निघाली आणि नव्वदच्या दशकात तिचा इतका गुंता झाला की स्पायडर-मॅनचा खरा वाचकसुद्धा कंटाळला. वाचकाने मागितलेली वस्तू जशीच्या तशी त्याच्या हातात ठेवली की कधी कधी कुणाचंच भलं होत नाही. त्याच वाचकाने विचारलेला प्रश्न मात्र पन्नास वर्षं टिकला.

मे २००२ मध्ये सॅम रेमी यांचा ‘स्पायडर-मॅन’ आला, तेव्हा पूल पडद्यावर दिसणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तो दिसला. क्वीन्सबरो पुलावर गॉब्लिनच्या एका हातात नायकाची प्रेयसी मेरी जेन, दुसऱ्या हातात मुलांनी भरलेल्या पाळण्याचा दोर. आता निवड कर. ज्यांनी अंक वाचला होता त्यांच्या पोटात गोळा आला असणार. पण इथे स्पायडर-मॅन दोघांनाही वाचवतो, आणि पुलावरचे साधे न्यूयॉर्ककर गॉब्लिनवर हाताला येईल ते फेकून मारतात. तो भाग ११ सप्टेंबर २००१ नंतर घातलेला. जळत्या इमारतींखाली उभं राहिलेल्या त्या शहराला तेव्हा आणखी एका पडण्याचं चित्र दाखवणं कुणाला जमलं असतं? मूळ कथेपासून एवढी मोठी फारकत, पण चाहत्यांनी ती मनापासून स्वीकारली. चाहते रागावले ते दुसऱ्याच गोष्टीवरून. रेमींच्या पीटर पार्करच्या, म्हणजे मुखवट्याआडच्या स्पायडर-मॅनच्या, मनगटातून जाळं आपोआप फुटतं. कॉमिकमधला पीटर ते यंत्र स्वतः तयार करतो. खिशात पैसे नसलेला, मामुली घरातला मुलगा डोकं चालवून जाळं बनवतो, हे त्याचं कर्तृत्व. ते काढून घेतलं तर उरला फक्त कोळ्याचा चावा, म्हणजे निव्वळ नशीब. या तक्रारीला मी क्षुल्लक मानत नाही. ती यंत्राबद्दल नव्हतीच, मुलाच्या स्वभावाबद्दल होती.

स्वभाव आणि चेहरा यांतला हा फरक चाहत्यांना स्वतःलाही नेहमी करता आलेला नाही. १९८८ साली मायकेल कीटन बॅटमॅन होणार असं जाहीर झालं तेव्हा वॉर्नर ब्रदर्सकडे निषेधाच्या पत्रांचे ढीग लागले. विनोदी नट, बारीक अंगाचा, हनुवटीही तशी नाही! पुढच्या वर्षी टिम बर्टन यांचा सिनेमा आला आणि कीटन यांच्या डोळ्यांतला अस्वस्थपणा पाहून तेच प्रेक्षक गप्प झाले. हीथ लेजर जोकर होणार म्हटल्यावर २००६ साली पुन्हा तोच गलका उठला. त्या भूमिकेचं ऑस्कर त्यांना मरणोत्तर मिळालं. ह्यू जॅकमन तर बुटक्या वूल्व्हरिनसाठी फारच उंच होते. आता दुसरा वूल्व्हरिन कल्पनेत आणणं अवघड जातं. चेहऱ्याबद्दल चाहत्यांचा अंदाज वारंवार चुकलेला आहे, आणि तो चुकणं स्वाभाविक आहे. चेहरा चित्रात आधीच ठरलेला असतो, आणि नट तो आतून घडवतो.

‘मूळ’ या शब्दाचा आधारही वाटतो तितका भक्कम नाही. १९३८ साली सुपरमॅन अवतरला तेव्हा तो उडत नव्हता, लांब लांब उड्या मारत होता. ज्या क्रिप्टोनाइटने तो हतबल होतो ते १९४३ साली रेडिओच्या मालिकेत आलं, कॉमिकमध्ये नंतर. बॅटमॅन कधी जीव घेत नाही असं आपण म्हणतो, पण त्याच्या पहिल्या वर्षभरातल्या गोष्टींत त्याच्या हातून माणसं मरतात. तो नियम संपादकांनी मागाहून घातला. म्हणजे ज्याला चाहते मूळ म्हणतात तेही अनेक हातांनी, अनेक माध्यमांतून, वाचकांच्या डोळ्यांदेखत घडत गेलेलं आहे. तेव्हा पहिल्या अंकात काय छापलं होतं ते दाखवून कुठलाच वाद मिटत नाही. इतक्या वर्षांच्या वाचनातून हे पात्र काय झालं आहे आणि नव्या कथेला त्याची जाण आहे का, एवढंच विचारता येतं.

‘मॅन ऑफ स्टील’चा वाद मला या बाबतीत फार बोलका वाटतो. २०१३ च्या त्या सिनेमात झॅक स्नायडर यांचा सुपरमॅन एका कुटुंबाला वाचवण्यासाठी जनरल झॉडची मान मोडतो आणि गुडघ्यांवर कोसळून किंचाळतो. चाहत्यांचे सरळ दोन तट पडले. सुपरमॅन मारत नाही, असं एकाचं म्हणणं. दुसरा दाखवत होता की १९८८ साली जॉन बर्न यांच्या कॉमिकमध्येही त्याने झॉडला आणि त्याच्या दोन साथीदारांना देहदंड दिला होता. दोघांचंही खरं होतं. पण बर्न यांच्या अंकानंतर काय झालं, ते पाहायला हवं. त्या कृत्याने सुपरमॅनचं मन फाटलं. पुढच्या लेखकांनी ते फाटणं महिनोन्महिने लिहिलं, इतकं की अखेर तो पृथ्वी सोडून अंतराळात परागंदा झाला. सिनेमात ती किंकाळी संपते आणि पुढच्याच प्रसंगात तो एका लष्करी अधिकाऱ्याशी हलक्या सुरात बोलताना दिसतो. नंतरच्या सिनेमाने उद्ध्वस्त शहराचा हिशेब मांडला, त्या मोडलेल्या मानेचा फारसा मांडला नाही. माझी तक्रार मारण्याबद्दल नाही, विसरण्याबद्दल आहे. १९७३ च्या वाचकाला ‘स्नॅप’चं उत्तर मिळालं होतं. २०१३ च्या प्रेक्षकाला ते मिळालं नाही, म्हणून हा वाद अजून धुमसतो.

ग्वेनची गोष्ट याच काळात पडद्यावर पोचली. २०१४ च्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन २’मध्ये मार्क वेब यांनी पुलाऐवजी घड्याळाचा मनोरा घेतला. एमा स्टोनची ग्वेन दातेरी चाकांच्या मधून खाली पडते. अँड्र्यू गारफिल्डच्या पीटरने सोडलेला धागा तिच्यामागे जातो आणि त्याचं टोक हाताच्या बोटांसारखं उलगडतं. तो तिच्यापर्यंत पोचतो. एका क्षणाने उशीर होतो. तुटलेल्या घड्याळाचे काटे थांबतात तेव्हा वेळ असते एक वाजून एकवीस मिनिटं. ज्याला अंकाचा क्रमांक माहीत आहे त्याच्या अंगावर शहारा येतो. ज्याला माहीत नाही त्याचं काहीच बिघडत नाही. वाचकाचा इतका अबोल मान राखलेला मी क्वचित पाहिला आहे. बाकी सिनेमा पसरट होता, एकाच पोत्यात तीन सिनेमे कोंबल्यासारखा. लोकांनी नापसंती दाखवली, ठरलेला पुढचा भाग रद्द झाला, आणि गारफिल्डचा पीटर आपलं दुःख घेऊन तिथेच अडकून पडला.

सात वर्षं गेली. डिसेंबर २०२१ मध्ये ‘नो वे होम’ आला. टॉम हॉलंडच्या नव्या स्पायडर-मॅनच्या या सिनेमात गारफिल्डचा पीटरही परत येतो. महाराष्ट्रात तेव्हा चित्रपटगृहात निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवायचा नियम होता, पण गारफिल्डने मुखवटा काढला तेव्हा उरलेल्या निम्म्यांनी छप्पर उडवलं. अशा शिट्ट्या मी रजनीकांतच्या आगमनाला ऐकल्या होत्या. पण खरं काही घडलं ते नंतर. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याभोवतीच्या परांचीवरून हॉलंडच्या पीटरची प्रेयसी एमजे खाली पडते. टॉम हॉलंडचा पीटर तिच्यामागे झेपावतो, गॉब्लिन त्याला वाटेतच उडवून लावतो. मग गारफिल्ड उडी घेतो. तो नुसता धागा सोडून वाट पाहत नाही, स्वतः तिच्यापर्यंत जातो, तिला दोन्ही हातांत धरतो, आणि मगच जाळ्याच्या आधाराने जमिनीवर उतरतो. ती ठीक आहे ना, हे विचारताना त्याचा चेहरा असा होतो की शेवटी तीच त्याला विचारते, तू ठीक आहेस ना? त्या क्षणी आमच्या चित्रपटगृहात शिट्टी वाजली नाही. या सिनेमावर आरोप झाला की त्यात चाहत्यांना खूश करण्यापलीकडे काही नाही. काही प्रसंगांबद्दल तो मला मान्य आहे. या प्रसंगाबद्दल मुळीच नाही. १९७३ साली ज्या हिसक्याने जीव घेतला, तो हिसका या माणसाला आठवतो आहे. त्याने वाचवण्याची रीत बदलली आहे.

स्मरण आणि प्रदर्शन यांतलं अंतर जून २०२३ मध्ये मला अगदी स्वच्छ दिसलं. त्या एकाच महिन्यात अनेक विश्वांची कल्पना घेऊन दोन सिनेमे आले. ‘द फ्लॅश’मध्ये काळाच्या गोलाकार रंगमंचावर जुने सुपरमॅन एकेक करून दाखवले जातात. त्यांत संगणकाने उभे केलेले ख्रिस्तोफर रीव्हही आहेत. रीव्ह २००४ साली गेले. आयुष्याची शेवटची नऊ वर्षं चाकांच्या खुर्चीत काढून अपंगांच्या हक्कांसाठी झटलेल्या त्या माणसाचा निर्जीव चेहरा फक्त ‘ओळखलंत का?’ असं विचारण्यासाठी वापरला होता. मी ओळखलं, आणि मला वाईट वाटलं. चाहता आठवणींवर जगतो हे स्टुडिओला कळलं होतं. आठवणीचं करायचं काय, हे कळलं नव्हतं.

दुसरा सिनेमा ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’. तो भारतात दहा भाषांमध्ये आला, त्यांत मराठीही होती. २००४ साली शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी मुंबईच्या मातीत रुजवलेला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर या सिनेमात मुंबॅटन नावाच्या शहरात राहतो. आणि चाहत्यांचा सगळा वाद या सिनेमाने थेट आपल्या कथेच्या पोटात घेतला आहे. मिगेल ओ’हारा नावाचा स्पायडर-मॅन ठरलेल्या कथेचा राखणदार झाला आहे. त्याच्या मते प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात ठरावीक घटना घडल्याच पाहिजेत. जवळचा पोलीस अधिकारी मेलाच पाहिजे, नाहीतर ते विश्वच कोसळेल. मुंबॅटनमध्ये इमारत कोसळत असताना पवित्र बसमधल्या गायत्रीला वाचवायला धावतो आणि तिच्या वडिलांवर, इन्स्पेक्टर सिंगांवर, मरण येऊन ठेपतं. सिनेमाचा नायक, स्पायडर-मॅन माइल्स मोरालेस, त्यांना वाचवतो. माणूस वाचला, आणि कथा मोडली म्हणून माइल्स गुन्हेगार ठरला.

माइल्सला गुन्हेगार ठरवणं काही नवं नव्हतं. २०१० साली डोनाल्ड ग्लोव्हर या कृष्णवर्णीय नटाला पीटर पार्करच्या भूमिकेसाठी निदान चाचणी तरी द्या, अशी मोहीम निघाली, तेव्हा त्याला शिव्यांची लाखोली मिळाली. पुढच्या वर्षी कॉमिकमध्ये माइल्स आला, वडील कृष्णवर्णीय आणि आई प्वेर्तो रिकोची, तेव्हाही काही जणांनी गळा काढला की आमचा स्पायडर-मॅन हिरावला. ही माणसं प्रेमाची भाषा बोलत होती, पण राखत होती दार. दुसऱ्याला आत येऊ न देणाऱ्या प्रेमाला मी चाहतेपण म्हणणार नाही. नटांना धमक्या देणं, सिनेमा यायच्या आधीच त्याच्यावर शिक्के मारणं, एखादी बाई नायक झाली म्हणून तिच्यावर तुटून पडणं, याला वाद म्हणत नाहीत.

‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये एक निवांत प्रसंग आहे. माइल्स आणि दुसऱ्याच एका विश्वातली ग्वेन एका उंच इमारतीच्या कडेला खालच्या बाजूने उलटे बसले आहेत, शहर त्यांच्या डोक्यावर लटकतं आहे. ग्वेन म्हणते, बाकीच्या प्रत्येक विश्वात ग्वेन स्टेसी स्पायडर-मॅनच्या प्रेमात पडते, आणि प्रत्येक ठिकाणी शेवट वाईट होतो. बाहेर पडल्यावर माझ्या भाचीने विचारलं, “मामा, शेवट वाईट म्हणजे काय होतं ग्वेनचं?” तिला खरंच माहीत नव्हतं. तिच्यासाठी ग्वेन म्हणजे ढोल बडवणारी, पांढऱ्या टोपड्यातली, स्वतः जाळं फेकणारी मुलगी. घरी आल्यावर मी तिला तो जुना अंक दाखवला. तिने पूल पाहिला, धागा पाहिला, ती बारीक अक्षरं पाहिली. मग चार पानं मागे जाऊन पुन्हा पाहिलं.

“मामा, ही पूर्ण वेळ बेशुद्धच आहे?”

होय. आपल्या मरणाच्या प्रसंगात ग्वेन एक शब्दही बोलत नाही. मी तो प्रसंग नेहमी पीटरच्या बाजूने वाचला होता, कारण तो तसाच लिहिलेला आहे. भाचीने तो ग्वेनच्या बाजूने वाचला. १९९९ साली गेल सिमोन या वाचक बाईंनी अशाच नजरेने, नायकाला दुःख व्हावं म्हणून कॉमिकमध्ये ज्यांचा बळी दिला गेला त्या स्त्रियांची यादी केली होती. पुढे त्या स्वतः ‘वंडर वुमन’ लिहू लागल्या. तक्रार करणारी वाचक लेखणी हातात घेते, याहून चाहतेपणाचं मोठं सार्थक मला ठाऊक नाही. ज्या वर्षी पडद्यावरचे काटे एक वाजून एकवीस मिनिटांवर थांबले, त्याच २०१४ साली जेसन लॅटूर आणि रॉबी रॉड्रिगेझ यांनी कॉमिकमध्ये असं एक विश्व आणलं जिथे कोळी ग्वेनला चावतो आणि मरतो तो पीटर. त्या बदलाला आज्ञाभंग म्हणता येईल. पण त्याला पुलावरची ग्वेन पक्की आठवते. नाहीतर ही ग्वेन निर्माणच झाली नसती.

माझ्या अपेक्षा आता या एका कसोटीवर येऊन ठरल्या आहेत. सिनेमाने कॉमिकची आज्ञा पाळावी असं मला वाटत नाही. पोशाख बदला, शहर बदला, कातडीचा रंग बदला, मेलेल्याला जिवंत करा. फक्त आधी जे घडलं त्याची आठवण ठेवा, आणि ती आठवण पात्राच्या वागण्यात दिसू द्या. चाहत्याने तेवढं मागावं, आणि तेवढं मागताना आवाज चढला तरी माझी हरकत नाही. तो आवाज कुणाला दाराबाहेर ठेवण्यासाठी लागला की मात्र मी त्याच्या बाजूचा नाही.

स्पायडर-व्हर्सचा तिसरा भाग यायचा आहे. माइल्सचे वडील पोलीस खात्यात आहेत, कॅप्टन होणार आहेत, आणि ठरलेल्या कथेनुसार त्यांना मरायचं आहे. भाचीचं मत पक्कं आहे, ते वाचलेच पाहिजेत. तेही वाचले तर ग्वेनच्या मरणाचं मोल काय उरलं, असा माझा तिला प्रश्न असतो. तिचं उत्तर तयार आहे: ग्वेन मेली म्हणूनच आता कुणीतरी वाचायला हवं. या उत्तरावर आमचा वाद अजून चालू आहे. पण १९७३ च्या त्या पत्र लिहिणाऱ्या वाचकांनी ते ऐकलं असतं, तर त्यांनी तिला आपल्यातलीच मानलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.